दवाखान्याच्या डिस्का फोडल्याची हकीकत

तीर्थस्वरूप वन्संना कोपरापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे देवाच्या कृपेने चाललं आहे.

संगणकवाल्याकडून काल आणलं ते असं: फोडलेल्या हार्ड डिस्का तीन, पिशवीसकट पावणेदोन किलो, नष्ट केल्याचा दाखला एक, सहीशिक्क्याचा. खर्च नऊशे. (बाराशे म्हणत होता. मी उठायला लागले तेव्हा उतरला.)

हे गेल्यापासून दवाखान्याला कुलूप आहे. संगणक भंगारात द्यायचे होते, पण आजूबाजूच्या माणसांनी तीस वर्षांत ह्यांच्याजवळ जे जे कबूल केलं (कुणाचं व्यसन, कुणाची खरी वयं) ते सगळं त्यांत. शेवटच्या आठवड्यात ह्यांनी मला जवळ बसवून आधी स्वतःचा आजार सांगितला आणि मग म्हणाले, "पेशंटची एक ओळही कुणाच्या नजरेस पडता कामा नये." मी देवासमोर हो म्हटलं.

मला वाटलं, डिलीट केलं की झालं. संगणकवाला म्हणाला, "काकू, ती नुसती अनुक्रमणिका फाटते. पानं आत तशीच राहतात. भोकं पाडावी लागतील." म्हटलं, पाड, पण माझ्यादेखत. तर म्हणे, "तुम्ही घरी जा, मी करून ठेवतो. कुणाचं वाचायला मला वेळ कुठे आहे?" मी जपमाळ काढली आणि स्टुलावर बसले. एवढंच म्हटलं, "लग्नाआधी तूही दोनदा आला होतास ना दवाखान्यात?" त्याने लगेच ड्रिल हातात घेतलं. दर डिस्कला ठरलेल्या दोन भोकांवर आणखी चार पाडली, वर हातोडा घातला, आणि जास्तीच्या भोकांचे पैसे लावले नाहीत. निघताना दारापर्यंत पोचवायला आला.

ह्यांचा शब्द राखला गेला. मन शांत आहे.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. मन शांत नाही. डिस्का चार होत्या, एक मी घरीच ठेवली. तिच्यावरच्या चिठ्ठीवरून कळतं, तिच्यात ह्यांनी स्वतःला पेशंट म्हणून नोंदवलंय. आजार कधी कळला, ती तारीख तिच्यात असणार. मला सांगितलं ते शेवटच्या आठवड्यातच. उघडली तर शब्द मोडतो, फोडली तर कधीच कळायचं नाही. तुम्ही थोरल्या बहीण. तुम्हाला त्यांनी आधी सांगितलं होतं का? असेल तर राग धरणार नाही, फक्त महिना लिहा, म्हणजे न उघडता फोडीन. उत्तर उलट टपाली पाठवा.