पान एकतीस

वन्सं,

भाजी चिरून ठेवलीय, फोडणी तेवढी तुम्ही द्या. मी वाचनालयात चाललेय, सहाला येईन.

परवा माझ्या वाढदिवसाला तुम्ही दिलेलं पुस्तक दोन वर्षांपूर्वी मीच तुम्हाला दिलं होतं. माझ्या शुभेच्छांचं पहिलं पान तुम्ही ब्लेडने अगदी सफाईने कापलंत. पण लोक पहिलं पान फाडतात, म्हणून आम्ही वाचनालयात एकतिसाव्या पानावरही शिक्का मारतो. भेट देताना माझी तीच सवय आहे. त्या पानावर मी लिहिलं होतं, ‘इथवर वाचलंत ना? मग माझे मोत्यांचे कानातले तुमचे. हक्काने मागा.’

त्या कानातल्यांवर तुमचा किती डोळा! तीनदा घालायला नेलेत. पण एकतीस पानं काही तुमच्याने वाचून झाली नाहीत.

काल तेच पुस्तक मी धाकट्या जावेला दिलं. आज सकाळी सातलाच तिचा फोन आला. आता जाता जाता कानातले तिच्याकडे देऊन पुढे जाईन.

संध्याकाळी ती जेवायला येतेय. तुमचं पान तिच्यासमोरच मांडणार आहे. कसे दिसतात ते तिला तोंडभरून सांगा.

— वहिनी