आक्का, तुम्ही हरलात कशा?

तीर्थस्वरूप आक्का,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी पत्र लिहिते आहे. तिकडं वाचून दाखवणारं माणूस तुम्ही शोधलंच असेल. दुसऱ्याला कामाला लावण्यात तुम्ही पहिल्यापासून हुशार. फक्त ऐकताना जवळ आत्याबाई नसतील एवढं बघा. पत्रात भांडण आहे, आणि सासूसमोर जावांनी भांडू नये.

तुम्हाला जाऊन नऊ महिने झाले. मग आजच का लिहायला बसले? होळीला तुमची मंदा माहेरी आली आहे. तुमची मांडणी धुऊन परत लावायची म्हणून तिनं मला हाक मारली. तिसऱ्या फळीवरचा कागद उचलला, तर खाली दोऱ्यानं बांधलेल्या फोटोंच्या सहा गड्ड्या. पेपरातून कापलेले. प्रत्येक गड्डीत चार चेहरे, आणि प्रत्येकाच्या हातात सिनेमाच्या बक्षिसाची ती बाहुली.

आक्का, तुम्ही मला सहा वर्षं फसवलंत.

संशय मला होताच. घराची वाटणी झाली, अंगणात भिंत आली, आणि आपण दोघी जावा बोलायच्या बंद झालो. रंगीत टीव्ही तुमच्या वाट्याला गेला, म्हैस माझ्या. मी सगळ्यांना सांगत सुटले की म्हैसच बरी, लाइट गेली तरी दूध देते. पण रविवारच्या सिनेमाला म्हैस काय कामाची? मी चार महिने दळणाचा आवाज मोठा करून तुमच्या टीव्हीची गाणी ऐकायची नाहीत असं ठरवलं होतं. ऐकू यायचीच.

मग एका सकाळी भिंतीवरून तुमचा आवाज आला. "सुमन, ती डोळे वटारती ती हिरॉइन. तिला मिळंल का गं यंदा?"

चार महिन्यांतलं पहिलं वाक्य. मी लगेच सावध झाले. हिला आता काय हवं आहे? पण तोंडून गेलंच, "तिला? तिला धड रडता तरी येतं का?"

भिंत राहिली, बोलणं सुरू झालं.

काय काय बोलायचो आपण. निम्मे सिनेमे तर आपण पाहिलेलेच नसायचे. यात्रेच्या तंबूत येईपर्यंत त्यांना वर्ष व्हायचं. नारायणगावच्या एस. टी. स्टँडवरचं पोस्टर आणि टीव्हीवरची दोन गाणी, एवढ्यावर आपण बक्षिसं वाटायचो. नंतर तुमच्याकडं केबल आली आणि दुपारच्या मालिकाही त्यात आल्या. तुमचे नियम ठरलेले होते. रडताना जी नाक पुसते तिला बक्षीस नाही, कारण खरं रडणाऱ्या बाईला नाकाची शुद्ध नसते. ज्या व्हिलनच्या गळ्यात देवाचा ताईत, तो जिंकणार. मी मॅट्रिक झालेली, मी म्हणायची, "आक्का, अभिनय बघायचा असतो, कथेला धरून." तुम्ही म्हणायचा, "कथा काय धरायची? सासू वाईट, सून गरीब. आपलीच हाय."

"आपल्यात गरीब कोण?" मी विचारलं होतं.

"तू न्हाईस," तुम्ही म्हणालात.

पैज तुम्हीच काढलीत. हिरो, हिरॉइन, व्हिलन आणि आई, अशी चार बक्षिसं. कार्यक्रम टीव्हीवर लागायच्या आदल्या दिवशी मी कॅलेंडरच्या पाठीवर दोघींची नावं लिहायची. एकीनं घेतलेलं नाव दुसरीनं घ्यायचं नाही. मोठी म्हणून आधी तुम्ही सांगणार. हरणारीनं महिनाभर दुसरीच्या अंगणात सडा-रांगोळी घालायची. पाच वर्षं मी तुमच्या अंगणात सडा घातला, आणि माझीच म्हैस स्वतःच्याच शेणाकडं बघत उभी.

पाच वर्षांत एकही चूक नाही. ज्या बाईला बसच्या पाट्या वाचता येत नाहीत, तिला मुंबईची बक्षिसं कशी कळतात? गाव म्हणायचं, खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्यांमुळं. दादा तिथं पहारेकरी. एवढ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून बसलेल्या, त्यांना सगळ्याच्या आधी ऐकू येत असणार आणि दादा घरी येऊन सांगत असणार. मलाही पटलं होतं. थोरल्या दिराशी मी कधी समोर होऊन बोलत नसे, पण एकदा दाराआडून विचारलंच.

"दादा, तिकडं आधीच कळतं का कोणाला बक्षीस ते?"

"आमच्याकडं आभाळातलं ऐकत्यात, सुमन. मुंबईचं न्हाई."

"मुंबईचंही आभाळातूनच येतं की टीव्हीवर."

दादांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "सायबाला इचारतो." तुम्ही आतून खोकलात. तो खोकला नव्हता, हसू होतं, हे मला आज कळतं आहे.

मंदानं आज सगळं सांगून टाकलं. द्राक्षांच्या दिवसांत तुम्ही पॅकिंगच्या शेडवर जायचा. मालकाचा पेपर वाचून झाला की पेट्यांच्या तळाला घालायच्या रद्दीत यायचा. बक्षिसं मुंबईत एका रविवारी वाटतात आणि टीव्हीवर दाखवतात दोन आठवड्यांनी, हे मला मॅट्रिक होऊन ठाऊक नाही आणि तुम्हाला ठाऊक. बाहुली कोणाच्या हातात आहे हे बघायला वाचता कशाला यायला हवं?

"आई फोटू कापून वटीत घालायची," मंदा म्हणाली. "मी म्हनलं, काय करती गं याचं? तर म्हनं, सुमनला सड्याला लावायचीय."

मंदा हसत होती. मीही हसले असते. पण तोवर मी सहावी गड्डी सोडली होती.

सहावी म्हणजे मागच्या वर्षीची. मागच्या वर्षी तर तुम्ही हरलात. चारही नावं चुकलात. मी घरी पळत जाऊन कॅलेंडर काढलं. तुमच्या नावाखाली माझ्याच अक्षरात चार नावं, चारही खोटी. आणि गड्डीत चारही चेहरे खरे. एका फोटोच्या वर पेपराची तारीख राहून गेली होती. तुम्हाला ती वाचता येत नव्हती, म्हणून कापायची राहिली. टीव्हीवर कार्यक्रम लागायच्या बारा दिवस आधीची.

म्हणजे ठाऊक असून तुम्ही चुकीचं सांगितलंत. का? पाच वर्षं लबाडीनं जिंकणारी बाई सहाव्या वर्षी लबाडीनं हरते, ती कशासाठी?

आठवतं का, त्या वर्षी तुम्ही म्हणालात, "सडा बास झाला. यंदा ताट लावू."

देवीच्या यात्रेला आपल्या घराण्याचं नैवेद्याचं ताट थोरल्या सुनेनं न्यायचं. अनवाणी, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, पायऱ्या चढून. लग्न होऊन आल्यापासून मी तुमच्या मागून रिकाम्या हातानं चढत होते. मी कधी बोलले नाही, पण देवीला ठाऊक होतं, आणि तुम्हालाही असणार. तुम्ही ताट पैजेवर लावलंत तेव्हा मी आनंदले का? छे. मला वाटलं, हिला निकाल ठाऊक आहे आणि मला भावकीसमोर हसं करायचं आहे.

ती आंधळ्या शिक्षिकेचं काम केलेली मुलगी तुम्हाला दिवाळीपासून आवडत होती. तिचं गाणं लागलं की टीव्हीसमोर बोलायचं नाही असा तुमचा हुकूम. आणि कार्यक्रमाला आठ-दहा दिवस उरले असताना एकदम तुम्ही फिरलात. "डोळे मिटून चालायला काय लागतं? म्हशीला बी येतं." दुसऱ्याच एका नाचणाऱ्या हिरॉइनचं कौतुक सुरू केलंत. आईचं काम करणाऱ्या त्या म्हाताऱ्या नटीला तर रोज शिव्या. तुम्ही जिला नावं ठेवाल तिलाच मी धरणार, हे तुम्ही पुरतं ओळखून होतात. नावं लिहायच्या दिवशी तुम्ही नाचणारी घेतलीत, आणि मी मनात म्हटलं, चुकली एकदाची. चारांत माझी तीन बरोबर आली. मी तुमच्या टीव्हीसमोर उठून टाळी वाजवली होती. तुम्ही म्हणालात, "घेऊन जा बाई तुझं ताट."

मंदाला आज मी हे सगळं विचारलं. ती जरा आठवून म्हणाली, "शेडवर मागच्या साली आई म्हनली व्हती, यंदा हरायचंय. लई अवघड काम हाय. सुमन कुनाचं नाव घील ते आधी तिच्या डोक्यात घालाया लागतंय."

मी विचारलं, "का हरायचंय ते नाही विचारलंस?"

"काकू, मला वाटलं आई थट्टा करती."

मग मी तुमच्या मांडणीसमोर बसले आणि मागचं सगळं वर्ष पुन्हा मोजलं. तुम्ही वाळवणाची दोरी छातीइतकी खाली बांधून घेतलीत. मला वाटलं, तुमची लुगडी मला दिसू नयेत म्हणून. शेजारच्या पोरीकडून वेणी घालून घ्यायला लागलात. मला वाटलं, म्हातारपणी नखरे. आणि वरच्या फळीवरचा डबा. रोज भिंतीवरून हाक. "सुमन, तेवढा डबा काढून दे गं." मी चुलीवरचं टाकून यायची आणि मनात म्हणायची, वाटणी झाली तरी हिला धाकटी जाऊ मोलकरीण हवी.

तुमचा उजवा हात वर जात नव्हता, आक्का.

यात्रेनंतर महिनाभरानं तुम्ही पडलात तेव्हा काखेतली गाठ सगळ्यांना कळली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी अंगावर काढलंय. मी दाराशी उभी होते. मी, जिला गवळ्याच्या मापातला घोटभर फरक कळतो, जिनं तुमच्या प्रत्येक शब्दावर संशय घेतला. एका हातावर तेवढा घेतला नाही.

आता मला खरं सांगा. ते ताट तुम्ही मला दिलंत, की माझ्या डोक्यावर ठेवून स्वतःचा हात लपवलात? दुखतंय म्हणून ताट सोडलं असतंत तर दादांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं. पैजेत हरलात म्हणून कोणी काही विचारलं नाही. गाव हसलं आणि विसरलं. दवाखान्याला इतकं घाबरत होतात? मग मला का नाही सांगितलंत? मी भांडून नेलं असतं. भांडायला तर मी रोज होतेच की.

दुपारभर मला तुमचा राग आला होता. माझा मान म्हणून मी वर्षभर जपलं, ते तुमचं पांघरूण होतं, असं वाटत राहिलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना दुसरंही मनात आलं. तुम्ही सरळ म्हणाला असता, "सुमन, यंदा ताट तू ने," तर मी नेलं असतं का? नसतं. म्हटलं असतं, हिच्या मनात काय आहे? सरळ हातानं दिलेलं मी काही घेतच नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? जिंकलेलं मात्र मी घेते.

पायऱ्या चढताना तुम्ही माझ्या मागं होतात. तुमचा डावा हात पूर्ण वेळ माझ्या पाठीला टेकलेला होता. मला वाटलं, ताट कलतंय का ते बघते आहे, चूक काढायला. सातव्या-आठव्या पायरीला मी मागं न बघता म्हणाले, "आक्का, नाही पाडत मी." तुम्ही म्हणालात, "ठाऊक हाय." पण हात काढला नाहीत.

येत्या रविवारी बक्षिसं टीव्हीवर आहेत. मंदानं पापड ज्यात गुंडाळून आणले त्या पेपरावर कोणीतरी बाहुली धरून हसतं आहे. मी घडी उलटी करून चुलीत घातली. दादांनी मला टीव्ही बघायला बोलावलं आहे. "तिच्या वाटची चार नावं तूच सांग," म्हणाले. आधी तुमची लिहीन, मोठ्या म्हणून. नाक पुसणारीला घेणार नाही.

सहाही गड्ड्या मी माझ्या फळीच्या कागदाखाली ठेवल्या आहेत. मंदाला शपथ घातली आहे. दादा, भावकी, गाव, सगळ्यांच्या लेखी तुम्ही मागच्या वर्षी हरलात, आणि हरलेल्याच राहाल. यंदा ताट मीच नेणार आहे, आणि पैजेत जिंकलं होतं असंच सांगणार आहे.

आणि एक वचन देते. आज मांडणी लावून झाल्यावर मी साखरेचा मोठा डबा मुद्दाम सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि मंदाला म्हटलं, "तेवढा काढून दे गं." तिनं कुरकुर केली, "आत्ताच तर ठेवला की, काकू," आणि दोन्ही हात सरळ वर नेऊन काढून दिला. मी नीट बघितलं. ती जेव्हा जेव्हा माहेरी येईल तेव्हा मी तिला वरचा डबा काढायला लावीन. काकू आल्या आल्या कामाला जुंपते असं ती सासरी जाऊन सांगेल. सांगू दे.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन