ऑस्टिनचा डावा हात

१४ नोव्हेंबर १९८३

आला एकदाचा! बेळगावचा शिरगुप्पी. खासबागेत मागांचा कारखाना आहे म्हणे, आणि जुन्या गाड्यांचा नाद. पांढरी पँट, सोनेरी चष्मा, काखेत वही. थोरल्या मालकांची ऑस्टिन मोटार मी रोज पुसतो, ड्रायव्हरकी सुटून घरी बसलो तरी पुसतो. तर तिला हात लावायच्या आधी यानं रुमालानं स्वतःचे हात पुसले. सोंग!

धाकटे मालक मारुतीराव त्याच्यापुढं नुसते वाकत होते. थोरले मालक असते तर खुर्चीतून उठले नसते. ते जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आता धाकट्याला गाडीची अडचण होते. वखारीत तंबाखूची पोती ठेवायला जागा पाहिजे. विकायचं ठरलं. शिरगुप्पीची अट एकच — गाडीचे सगळे भाग मूळ कंपनीचे पाहिजेत. आठवडाभर येऊन एकेक तपासणार.

तो गेल्यावर मारुतीराव म्हणाले, "देवाप्पा, काय नकली निघालं तर तुला इचारणार. तीस वर्सं गाडी तुझ्याच हातात हुती. खरं भाग कुठं इकलंस त्ये सांगायचं, न्हायतर खोली रिकामी करायची."

वखारीमागची ही खोली. लग्न झाल्यापासून आम्ही इथंच. गंगव्वाला सांगितलेलं नाही.

१५ नोव्हेंबर

भाकरी गेली नाही.

इथं लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाला सांगू? गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारांमधल्या खांबांत, एकेक लोखंडी हात आहे. वळायचं असलं की बटण दाबायचं. वीतभर हात बाहेर येतो, त्यात पिवळ्या काचेमागं दिवा लागतो, मागच्याला कळतं. वळून झालं की आठवणीनं आत घ्यायचा. चव्वेचाळीस साली संकेश्वरात मी विसरलो. समोरून उसाची बैलगाडी आली, मी डावीकडं दाबून घेतली, आणि डावा हात भिंतीला लागून मोडला. चुरा झाला.

लढाईचे दिवस. सुटे भाग मिळेनात. थोरले मालक चार दिवस कोल्हापूरला होते. तेवढ्यात मी आणि ज्योतिबा लोहारानं उजव्या हाताचं माप घेऊन तसाच डावा केला. मालक आले, गाडीत बसले, काही कळलं नाही. ज्योतिबा कधीच वारला. आता हे फक्त मला ठाऊक.

खरं सांगितलं तर — मोडला आणि लपवला. नाही सांगितलं तर — विकला! दोन्हीकडून चोर मीच. आणि खरं सांगितलं तरी मारुतीराव ऐकणार कुठं?

१६ नोव्हेंबर

शिरगुप्पी तपासतो कमी, बोलतो जास्त.

"आजोबा, वायपर कुणी शोधला सांगा बघू!"

मी मडगार्ड पुसत राहिलो.

"एका बाईनं! अमेरिकेत. ट्रामचा ड्रायव्हर बर्फात सारखी काच पुसत होता, ते बघून तिला सुचलं. एकोणीसशे तीन साल!"

बरं. मग? घरात पोरगं झालं असं सांगावं तसं सांगतो! आमच्या वायपरचं रबर लढाईत गेलं, ते परत मिळालंच नाही. ओला तंबाखू काचेवर चोळायचो. थेंब थांबत नाही, पाणी सरळ ओघळून जातं. तवंदीच्या घाटात धो धो पावसात गाडी काढली आहे मी, तेवढ्यावर. ते कुणी शोधलं? त्याच्या वहीत नाही. मीही सांगितलं नाही. फुकट का द्या!

पुढं म्हणतो, डॅशबोर्ड हा मूळचा घोडागाडीचा. टापांचा चिखल अंगावर उडू नये म्हणून पुढं फळी लावायचे, तिचं नाव मोटारीला चिकटलं. टांगेवाल्या भरमूला हे सांगितलं. तो म्हणाला, "हे कळायला त्येनं चष्मा लावला व्हय?"

१७ नोव्हेंबर

आज आला नाही. का आला नाही? कुणी काही सांगितलं का त्याला?

१८ नोव्हेंबर

आला. कारखान्यात काम होतं म्हणे. नवी बॅटरी घेऊन आला. सेल्फ फिरेना, म्हणून हँडल घातलं. आणि कसं धरलं? मुठीत! अंगठा वळवून! मी पुढं जाऊन त्याच्या मनगटावर चापट मारली. "अंगठा भाईर!" ओरडलोच. मालकांच्या गिऱ्हाइकावर!

तो चिडला नाही. उलट खूश. "बरोबर, आजोबा! हँडल उलटं फिरून बसलेल्या दणक्यानं एक माणूस गेला म्हणतात, म्हणून सेल्फ-स्टार्टर निघाला. बारा साली कॅडिलॅकला पहिल्यांदा बसवला."

एवढं ठाऊक, आणि अंगठा आत! एकेचाळीस सालापासून माझं उजवं मनगट वाकडं आहे. मला कॅडिलॅक नको सांगायला.

गाडी चालू मीच करून दिली. आवाज ऐकून जरा बरं वाटलं. मग म्हणाला, "आता बॅटरी आहे, परवा हात बघू." बरं वाटलेलं गेलं.

१९ नोव्हेंबर

गंगव्वाला कळलं. नागुबाईनं सांगितलं असणार, तिचा नवरा वखारीत हमाल आहे.

"खोली जानार म्हनं? मला कवा सांगनार हुता? भांडी रस्त्यावर आल्यावर?"

मग सगळं सांगितलं. संकेश्वर, बैलगाडी, ज्योतिबा. वाटलं रडेल. ती म्हणाली, "मोडला तर मोडला. चाळीस वर्सं पोटात धरून बसलाय, बाळंत व्हायचं हाय काय? जावा, सांगून टाका मालकास्नी."

बायकांना सगळं सोपं.

पण उद्या सांगायचं ठरवलं आहे. त्यानं नकली म्हणायच्या आत सांगायचं.

२० नोव्हेंबर, रविवार

सांगितलं नाही. तोंडच उघडलं नाही.

सकाळी शिरगुप्पीनं आधी ब्रेक बघितले, आणि बघता बघता गोष्ट. जर्मनीत मोटार घेऊन पहिल्यांदा लांबच्या गावाला निघाली तीही बाईच. नवऱ्यानं गाडी बनवली, आणि ही त्याला न सांगता दोन पोरांना घेऊन माहेरी! वाटेत पेट्रोल संपलं ते एका औषधाच्या दुकानात घेतलं, ते दुकान कुठलं तेही यानं सांगितलं. पुढं उतारावर ब्रेक झिजला. तिनं एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लागलं ते तेव्हापासून.

मी विचारलं, "त्या चांभाराचं नाव काय?"

"ते कुठं लिहिलेलं नाही, आजोबा."

घ्या! पेट्रोल कुठल्या दुकानात घेतलं ते लिहिलंय, चामडं कुणी ठोकलं ते नाही. आणि याला म्हणायचं माहिती!

मग हात. मारुतीराव मुद्दाम येऊन उभे राहिले. उजवा वर आला, दिवा लागला, ठीक. डाव्याचं बटण दाबलं. जरा अडला. मग आला. दिवा लागला. शिरगुप्पीनं चष्मा काढला, वाकला, अगदी नाकाजवळ डोळे नेले. मारुतीराव म्हणाले, "ह्यो जरा जाड दिसतोय, न्हाय? काय रं देवाप्पा?"

मी मडगार्डाला धरून उभा राहिलो.

शिरगुप्पीनं फटकन बटण बंद केलं. चष्मा घातला. "दोन्ही कंपनीचे. डावा तर अगदी अस्सल." वहीत लिहिलं आणि खाली मारुतीरावांची सही घेतली.

हा जाणकार! जगातल्या मोटारी याला पाठ, आणि लोहाराची कानस ओळखता येत नाही! घरी येऊन इतका हसलो, की गंगव्वाला वाटलं खोकल्याची उबळ आली. ती पाणी घेऊन आली. तिला सांगितलं, "येडं हाय त्ये. पुस्तकी येडं!"

ती नाही हसली. म्हणाली, "देवच पावला म्हना." देव कशाला? माणूस आंधळा, एवढंच.

२२ नोव्हेंबर

मारुतीराव म्हणाले, "ऱ्हा खोलीत. म्हातारा-म्हातारी हाय तवर ऱ्हावा." वर असं दाखवतात, जणू स्वतः खोली बांधून दिली.

भीती गेली, आता राग येतो. अशा माणसाच्या हातात गाडी जायची! रेडिएटरची नळी तडकली आहे, बेळगावला नेताना तवंदीच्या घाटातच पाणी टाकेल. सांगणार नाही. पुस्तकात बघ म्हणावं.

२३ नोव्हेंबर

नळी बदलून दिली. गाडीची काय चूक?

२४ नोव्हेंबर

गाडी गेली. शिरगुप्पीनं स्वतःच चालवत नेली. फाटकापाशी थांबला, मला खुणेनं जवळ बोलावलं, आणि हळूच म्हणाला, "आजोबा, डाव्या हाताची काच औषधाच्या बाटलीची ना? दिवा लागला की डोसाच्या रेघा दिसतात."

दिवा त्यानं रविवारी लावला होता. मारुतीराव शेजारी उभे असताना.