इमरानचे स्वच्छ बूट

भिंगार. शनिवार, संध्याकाळ

अमेरिकेतून इमरानचा व्हिडिओ कॉल आला. एल्क नावाचं घोड्याएवढं हरीण म्हणे पोरानं बाणानं मारलं. शिकारीचा हंगाम संपत आलेला, मुलूख अनोळखी, कुठं पाण्याचा थेंब नाही. कित्येक दिवस धूळ खात डोंगर हिंडलो म्हणाला. फोटोही पाठवला. शिंगं धरून बसलाय, पण बूट? बूट आत्ताच दुकानातून आणल्यासारखे स्वच्छ. आम्ही कर्जतला नुसतं लग्नाला जाऊन आलो तरी चपला धुवाव्या लागतात.

रुखसाना चिडली. "लेकानं एवढं मोठं जनावर मारलं, आन् तुमी बूट बघताय व्हय?"

बघतोय. काय करू?

मी त्याला एवढंच विचारलं, "बाण सोडताना बिस्मिल्ला म्हटलंस ना?" आपल्यात शिकारीचं मटण त्याशिवाय कोण खातं? तो मग म्हणाला, "हो अब्बा, म्हणजे... म्हणालो असेन."

तेच डोक्यातून जात नाही. विसरला असता तर सरळ सांगितलं असतं. चुकून विसरलं तर माफ असतं, हे लहानपणी मीच त्याला शिकवलंय. मग अडखळला कशाला? आणि ते बूट...

रुखसानानं एव्हाना गल्लीभर सांगितलंय. शेजारचे हाजीसाहेब दारातूनच मुबारकबाद देऊन गेले. मीही हसून घेतली.

पण ज्यानं बाण सोडलाच नाही, तो बिस्मिल्ला म्हणणार तरी कधी?