बिशपच्या झग्याचं अस्तर

वाल्मिकभाऊ,

येत्या रविवारी तू बिशपपदावरून निवृत्त होणार. निरोपाच्या उपासनेचा झगा बहिणीनंच शिवावा, असं तू फोनवर म्हणालास. बमरोलीत आयुष्यभर साड्यांना लेस लावत आलेय मी. शिवला.

पुण्याहून पाद्री होऊन आलास, तेव्हा माय सगळ्या गल्लीला सांगत फिरली. तिनं स्वतः बाप्तिस्मा घेतला नाही, देव्हारा सोडला नाही, पण तुझ्या प्रार्थनेला डोक्यावर पदर घेऊन बसायची. मग तुला बिशप करायचं ठरत होतं, तेव्हा चर्चची मोठी माणसं आपल्या खोलीवर आली. मायच्या कपाळावरचं कुंकू बघून त्यांनी विचारलं, "या बाई कोण?"

तू म्हणालास, "घरकामाला येतात."

मायनं मान हलवली आणि त्यांच्या कपबशा उचलल्या. मरेपर्यंत तिनं तुझं नाव घेतलं नाही. आणि आता स्मरणिकेत तू छापलंस, आईच्या मांडीवर प्रार्थना शिकलो.

झग्याच्या बाह्यांना आतून मायचं हिरवं लुगडं लावलंय, काठासकट. त्यावर जांभळं कापड नुसतं कच्च्या टाक्यांनी अडकवलंय. शेवटचा आशीर्वाद द्यायला हात वर केलेस की टाके उसवतील. पुढच्या बाकांवर मी बमरोलीच्या बायका बसवणार आहे. सगळ्याजणी ते लुगडं ओळखतात. "हे तर धुरपदाबाईचं," असं एकीनं म्हटलं, की तुझे पाहुणे विचारतीलच, या बाई कोण?

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर जुना झगा घालशील.

तुझ्या कामवालीची लेक,
योगिता