पेन्सिलीतले शेरे

४ मार्च

आजपासून ही वही. कारण सरळ आहे. कुलसचिवांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, नव्या सॉफ्टवेअरबद्दल रोज एक टिपण पाठवू नका. जे वाटतं ते मनात ठेवा." मनात ठेवा! माझं मन म्हणजे काय यांची अडगळीची खोली आहे? एकतीस वर्षं विद्यार्थी नोंदणी विभाग चालवला. मनात काही ठेवायची सवय नाही. इथे ठेवते.

सगळी रजिस्टरं संगणकात जायची आहेत. त्यासाठी कंपनीचा माणूस येऊन बसलाय. पन्नाशीला टेकलेला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, आणि काहीही विचारा, उत्तर एकच — "होऊन जाईल, मॅडम." दोन दिवसांत विभागाने त्याचं नाव ठेवलं, होऊन-जाईल.

७ मार्च

डोकं अजून तापलेलं आहे!

ज्यांची जन्मतारीख घरी कोणी लिहून ठेवलेली नसते, त्यांना शाळा एकच तारीख देऊन टाकते — वर्षाचा पहिला दिवस. असे आमच्याकडे दोनशे बारा. त्यातले नावानेही सारखे असलेले संगणकाने एकमेकांत कालवून टाकले. नाव तेच, तारीख तीच, म्हणजे माणूस एकच! तीन मुलींची मिळून एक मुलगी झाली. तिला गणितात शंभरपैकी दोनशे एकोणीस.

होऊन-जाईल म्हणतो, "डुप्लिकेट आहेत, मॅडम. काढून टाकतो."

"माणसं आहेत ती. काढून कुठे टाकणार?"

त्यावर तो हसला. मी नाही हसले. तिथल्या तिथे लेखी आदेश काढला — रजिस्टरातलं अक्षर न् अक्षर टाइप व्हावं, काहीही गाळू नये. सही, तारीख, शिक्का. टाइप करणाऱ्या मुलींपैकी एक घाबरत म्हणाली, "सगळं म्हणजे अगदी सगळं, बाई?" म्हटलं, "सगळं या शब्दाचा अर्थ आता मी शिकवायचा का?"

११ मार्च

शिवणवाली येऊन गेली. दोरा आणायला जाते सांगून घरातून निघते, ती इकडे येते. काउंटरला टेकून, हळू आवाजात. सदतीस वर्षांची, बाहेरून परीक्षा देणारी, आता शेवटचं वर्ष. पहिल्या वर्षी नवऱ्याची हरकत नव्हती. ती पहिल्या वर्गात पास झाली आणि हरकत सुरू झाली. "शिकून मला अक्कल शिकवणार का?" तेव्हापासून चोरून. मशीनवर पाय आणि मांडीवर पुस्तक.

आमच्याकडे पद्धत आहे — नोंद शाईत, शेरा पेन्सिलीत. शाई दप्तराची, पेन्सिल आमच्यापुरती. तिच्या नावापुढे माझाच शेरा आहे. पत्रं बहिणीच्या पत्त्यावर पाठवतो.

"बाई, संगणकात गेलं तरी तसंच राहील ना?"

"राहील. मी आहे ना इथे!"

नव्या पडद्यावर शेऱ्याचा रकाना आहे, एवढी एक गोष्ट त्या कंपनीने बरी केली. जाताना माझ्या बाहीची उसवलेली शिवण बघून म्हणाली, "द्या हो, दोन टाके घालते." दिली नाही. ऑफिस आहे ते.

१९ मार्च

नवी प्रणाली सुरू झाली. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. सव्वातीनला ती बंद पडली. होऊन जाईल!

२० मार्च

अक्षर बिघडलंय. तरी लिहिते.

काल प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदलेल्या फोनवर संदेश गेला — आपली माहिती तपासून पाहा. सकाळी काउंटरवर ही रांग! जो तो फोन पुढे करतोय आणि माझेच शेरे मला वाचून दाखवतोय. पेन्सिलीतले! एका मुलापुढे लिहिलं होतं, 'वडील भांडखोर, जपून बोलावे.' ते वडील स्वतः आले होते. "कोण भांडखोर? मी? मी भांडखोर?" असं ओरडत त्यांनी टेबलावरची दौत पाडली. एरवी मला हसू आलं असतं.

मी होऊन-जाईलला सगळ्यांसमोर झाडला. लाज नाही, अक्कल नाही, लोकांच्या घरचं चव्हाट्यावर मांडता! तो काही बोलायला गेला, त्याला बोलू दिलं नाही.

बाराला एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, आवाज अगदी खालचा. फोन काचेला लावून धरला. 'नवऱ्याला कळू देऊ नये.'

"हे तुम्ही लिहिलंत?"

मी चष्मा लावून वाचलं. शब्द माझेच.

"पगार नोंदणीचा घेता की दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसायचा? म्हणे कळू देऊ नये! आता कळलं. बसू दे आता तिला परीक्षेला."

शिवणवालीच्या पहिल्या वर्षाच्या अर्जावर घरातला एकच फोन होता. त्याचा.

२१ मार्च

ती आली. तोंड सुजलेलं नव्हतं, एवढं मी आधी पाहिलं. शिलाई मशीनचा पट्टा काढून त्याने कपाटात ठेवलाय.

"पट्टा मिळेल हो दुसरा, बाई. परीक्षेचं बोला."

नाव पक्कं करायला फोनवर सहा आकड्यांचा कोड येतो. फोन नवऱ्याकडे. नंबर बदलायचा, तर त्यासाठीचा कोडही जुन्याच नंबरवर! म्हणजे चोराकडूनच किल्ली मागून घ्या. शेवटची तारीख २५.

"तुम्ही म्हणाला होतात राहील म्हणून," ती म्हणाली. बस, एवढंच.

२२ मार्च

कुलसचिवांकडे तासभर. नंबर कोडशिवाय बदलायची एकच वाट — चूक कार्यालयाची आहे, असं जबाबदार व्यक्तीने स्वतःचं नाव घालून लिहून द्यायचं. चूक कंपनीची म्हटलं की चौकशी समिती. तीन महिने.

म्हणाले, "बाई, उगाच भावनेत जाऊ नका. कंपनीने परस्पर टाइप केलं, असं लिहा. त्यांना धडा मिळेल. ऑक्टोबरात तुम्ही निवृत्त होताय, निरोप समारंभ होईल. एका मुलीसाठी सगळं गणित कशाला बिघडवता?"

"मुलगी नाही ती. सदतीस वर्षांची बाई आहे."

"तेच ते."

तेच ते! खुर्ची मागे सारून उठले.

घरी येऊन यांच्यापुढे कंपनीचा उद्धार केला. यांनी भाजी चिरता चिरता सगळं ऐकलं. मी निवृत्तीच्या दारात आणि हे निवृत्त, त्यामुळे हल्ली सुरी यांच्या हातात. मग शांतपणे विचारलं, "अगं, पण पेन्सिलीतलं टाइप करा असं त्यांना सांगितलं कोणी?"

मी म्हटलं, भाजी जाड चिरताय.

२३ मार्च

रविवार. ७ तारखेच्या आदेशाची माझ्याकडची प्रत काढून वाचली.

२४ मार्च

कुलसचिवांना दिलं: लेखी जबाब, एक पान. 'रजिस्टरातील काहीही गाळू नये हा आदेश माझा, माझ्या सहीचा. कंपनीने तो पाळला. कार्यालयीन चूक माझी.' सोबत आदेशाची प्रत. तासाभरात उत्तर आलं — चौकशी होईपर्यंत विभागाचं काम काढून घेतलं आहे.

विभागाला दिलं: कपाटाच्या किल्ल्या दोन, शिक्का एक, रजिस्टरं सव्वीस.

माझ्या जबाबावर विभागाने शिवणवालीच्या नावापुढे नवा नंबर टाकला, माझा. कोड आला, वाचून दाखवला, नाव पक्कं झालं.

तिला दिलं: परीक्षेचं प्रवेशपत्र, एक. तिने ते मापाच्या वहीत घालून घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही.