बाईची सही

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तू जिल्ह्याच्या कार्यालयात बसून महिला धोरण लिहिलंस आणि इथे पालिकेच्या पाणी-कचरा समितीत तुझ्या बहिणीला खुर्ची मिळाली. खुर्ची दाराजवळची आहे, त्यामुळे चहाचा ट्रे आधी माझ्याच हातात येतो. हसू नकोस.

पाणी तपासायच्या बाटल्या आल्यात. नळाचं पाणी भरून ठेवायचं, काळं पडलं की वाईट. आमच्या आळीतली एकूण एक बाटली काळी पडली. पडणारच, पाणीपुरवठ्याच्या विहिरीला लागून कचरा डेपो आणि मैल्याचे टँकरही तिथेच रिकामे होतात. डेपो हलवा, असं मी बैठकीत सांगितलं. इंजिनिअरसाहेब म्हणाले, विचार करू. त्यांचा विचार फार सावकाश चालतो गं.

सुनेला सातवा लागलाय, म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय. घरात उकळल्याशिवाय पाणी कुणाला देत नाही. ती मात्र अजून शाळेत शिकवायला जातेच.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पुढच्या वेळी तो ट्रे सरळ इंजिनिअरसाहेबांच्या हातात दे. पाण्याच्या कुठल्याही कागदावर महिला सदस्याची सही लागते, हे कलम मी भांडून घातलंय. तू अडून बसलीस तर त्यांचं काही चालणार नाही. डेपो हलेपर्यंत सही करू नकोस.

बाळासाठी दुपटं शिवायला घेतलंय. माझे टाके वाकडे येतात, सुनेला आधीच सांगून ठेव. तुझी माझ्यावर माया आहेच, आता त्यात बाळालाही वाटा दे.

तुझी धाकटी

३ एप्रिल

चि. धाकटीस, आशीर्वाद.

सून गेली, बाळही गेलं, एवढंच फोनवर सांगू शकले. पुढचं बोलवेना, म्हणून लिहिते. कावीळ झाली. ती शाळेतल्या नळाचं पाणी प्यायची. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले.

डेपो तिथेच आहे. मी अडून बसले, तेव्हा साहेबांनी मला तुझंच धोरण वाचून दाखवलं. पाण्यातलं बायकांना जास्त कळतं, म्हणून पाण्याची सगळी जबाबदारी महिला उपसमितीकडे. मला अध्यक्ष केलं, टाळ्याही वाजवल्या. टँकर कुठे रिकामे करायचे, ते मात्र साहेबच ठरवणार.

परवा गावातल्या काविळीवर पालिकेचा अहवाल आला. बायकांनी घरी पाणी उकळण्यात हयगय केली म्हणून साथ पसरली, असं त्यात लिहिलंय. खाली माझी सही हवी होती. माझ्या घरातलं पातेलं गॅसवरून उतरत नव्हतं गं! मी तो कागद भिरकावून दिला आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

कागद मग उपसमितीच्या उपाध्यक्षबाईंकडे गेला. त्याही तुझ्याच धोरणातून आलेल्या. नवऱ्याला पालिकेचं कंत्राट आहे, त्यांनी मुकाट्याने सही केली. बाईची सही लागत होती, ती मिळाली.

पुढच्या बैठकीत आम्हाला पाणी कसं उकळायचं ते शिकवणार आहेत.

तुझ्यावर राग नाही. दुपटं पाठवू नकोस.

तुझी ताई